कमावलेला गाल

सातारा-सांगलीकडच्या सरकारी रुग्णालयांत दंतविभागाच्या बाकावर विशी-तिशीतली काही मुले अशी बसलेली असतात, की त्यांचा दात मुळीच दुखत नसतो. तक्रार एवढीच असते की तिखट सोसत नाही. कांदा-लसूण मसाल्यावर लहानाचा मोठा झालेला मुलगा आमटीच्या पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणतो. घरात आई म्हणते, उष्णता झाली असेल. मग ताक, गुलकंद, ज्येष्ठमध असे उपाय होतात. वर्ष-दोन वर्षे तशीच जातात. पुढे कधीतरी लक्षात येते की वडापाव पूर्वीसारखा तोंडात मावत नाही, शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत.

अशा वेळी डॉक्टरांची पहिली तपासणी अगदी साधी असते. स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायची. निरोगी माणसाची तीन बोटे सहज बसतात. या मुलांची दोन बसतात, काहींचे एकच. गालाच्या आतून बोट फिरवले तर दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागतात. गुलाबी दिसायला हवे ते अस्तर पांढुरके, संगमरवरासारखे दिसते. आणि ‘काय खातोस?’ या प्रश्नाला ठरलेले उत्तर येते: ‘तंबाखूला हातसुद्धा लावत नाही डॉक्टर, नुसती सुपारी.’

या ‘नुसत्या’ शब्दाने आपल्या भागात फार नुकसान केले आहे. कारण हा आजार मुळात सुपारीचाच आहे. तंबाखू नसली तरी तो होतो. त्याचे नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडातल्या अस्तराखालचा थर तंतूंनी भरून कडक होणे. बाकीचे अनेक आजार पेशी मेल्यामुळे किंवा जंतू शिरल्यामुळे होतात. इथे गोष्ट वेगळी आहे. गालातल्या पेशी जिवंत असतात, उलट जास्तच कामाला लागलेल्या असतात. बिघडते ते पेशी आणि तिच्या भोवतालचे जाळे यांच्यातले नाते.

आजाराचा शोध लागण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला हा विकार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानीतला तंतुमय कडकपणा म्हणून त्याचे वर्णन केले. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सत्यवती सिरसाट यांनी मग त्याच्या कारणाचा पाठलाग सुरू केला. त्यांचा पहिला संशय होता मिरचीवर! १९६० मध्ये त्यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट घटक, कॅप्सेसिन, लावून पाहिला. तेव्हाच्या माहितीवर संशय गैर नव्हता, कारण रुग्णाची पहिली तक्रार तिखटाचीच असते. पण पुढची दोन-तीन दशके पुरावा जमत गेला तसा मिरचीवरचा आरोप मागे पडला आणि सुपारी पुढे आली. १९६६ मध्ये डॉ. सिरसाट आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी या आजाराची जी व्याख्या केली, तीच थोड्याफार फरकाने आजही पाठ्यपुस्तकात असते.

तिखट लागते ते आजारामुळे. अस्तर पातळ होते, त्याखालचे मज्जातंतू उघडे पडल्यासारखे होतात, आणि एरवी चव वाटणारी मिरची आग वाटू लागते. म्हणजे मिरची इथे खबर देणारी आहे.

गाल कडक कसा होतो ते समजायला आधी गाल मऊ का असतो ते पाहावे लागेल. अस्तराखाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे सैलसर विणलेले कापड असते. ते विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात, सोयीसाठी त्यांना विणकर पेशी म्हणू. त्या नवे धागे तयार करतात आणि जुने तोडूनही टाकतात. विट्याच्या यंत्रमागावर नुसते विणले जाते, इथे त्याच कारागिराकडे विणणे आणि उसवणे अशी दोन्ही कामे आहेत. ती बरोबरीने चालली की कापड कायम नवे राहते.

सुपारी या कामात अनेक बाजूंनी ढवळाढवळ करते. तिच्यातला ॲरेकोलिन हा घटक विणकर पेशींना जास्त धागे विणायला लावतो. सुपारीत तांब्याचा अंशही बराच असतो. कोलॅजनचे दोन धागे एकमेकांना पक्के जोडणारे लायसिल ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम आहे, त्याला कामासाठी तांबे लागते. ते जोरात चालू लागले की सैल कापडाला जागोजागी टाके पडतात. आणि तिसरी गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल अशी आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे पारंपरिक पद्धतीने कसे कमावतात? बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून. त्यांतले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनला चिकटते, मग ते कातडे कुजत नाही, वर्षानुवर्षे टिकते. २०१९ मध्ये या चपलेला जी भौगोलिक ओळख मिळाली, तिच्यात कोल्हापूर आणि सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत, म्हणजे ही विद्या आपल्या घरचीच. सुपारीचा तुरटपणाही टॅनिनच्याच कुळातला. तासन्‌तास गालात सुपारी धरणारा माणूस एका अर्थाने स्वतःचा गाल कमावत असतो. कमावलेला धागा उसवणाऱ्या एन्झाइमला दाद देत नाही.

इथपर्यंत सगळे रसायनशास्त्र झाले. पण तेवढ्याने एका गोष्टीचा उलगडा होत नाही. सुपारी सोडली की रसायन बंद व्हायला हवे, आणि हळूहळू नवे कापड विणले जाऊन तोंड मोकळे व्हायला हवे. फार लवकर सोडणाऱ्यांत सुधारणा दिसतेही. पण पट्टे घट्ट झाल्यावर सोडणाऱ्यांचे तोंड बहुधा आपोआप पूर्ववत होत नाही. ‘आता दोन वर्षे झाली सोडून, तरी तसेच आहे’ असे सांगणारे रुग्ण खोटे बोलत नसतात. मग गाल कडक ठेवतेय कोण?

याचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मिळत गेले आहे आणि ते वैद्यकात शिकलेल्या पिढ्यांनाही नवीन आहे. पेशीला स्पर्श कळतो. ती ज्या जाळ्यावर बसली आहे ते मऊ आहे की कडक, हे ती सतत तपासत असते आणि त्यावरून आपले वागणे ठरवते.

पाऊस पडून गेल्यावर शेतकरी वाफसा आला का ते पाहायला माती मुठीत दाबतो. ढेकूळ होते की भुगा होतो, यावरून कुळव घालायचा की नाही ते ठरवतो. पेशी साधारण हेच करते. तिच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाचे हात असतात. त्यांनी ती भोवतालचा धागा पकडते आणि ओढून पाहते. धागा हातात आला तर जमीन मऊ, आलाच नाही तर कडक. हा ताण पेशीच्या आतल्या दोरखंडांवरून थेट केंद्रकापर्यंत पोचतो. २०११ मध्ये इटलीतल्या पादुआ विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवले की कडक पृष्ठभागावर यॅप नावाचे प्रथिन केंद्रकात शिरते आणि जनुकांना कामाला लावते, मऊ पृष्ठभागावर ते बाहेरच थांबते.

त्याआधी, २००६ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस डिशर यांच्या गटाने एक प्रयोग केला होता. त्यांनी अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. पोषणद्रव एकच, पेशी एकच, फरक फक्त गादीचा. मेंदूइतक्या मऊ, खरवसासारख्या थलथलीत जेलवर पेशींना मज्जापेशींसारखे फाटे फुटले. स्नायूइतक्या घट्ट जेलवर त्या स्नायूपेशींसारख्या लांबट झाल्या. सर्वांत कडक जेलवर त्या हाड घडवणाऱ्या पेशींच्या वळणावर गेल्या. कोणतेही औषध न घालता, केवळ गादीच्या कडकपणावरून. याच गटात शिकलेले डॉ. शमिक सेन आता पवईच्या आयआयटीत पेशींच्या या यांत्रिक वागण्याचा अभ्यास करतात. तिथल्याच रासायनिक अभियांत्रिकी विभागात डॉ. अभिजित मजुमदार यांचा गटही याच विषयावर काम करतो.

स्पर्श ओळखण्याचा आणखी एक दरवाजा २०१० मध्ये सापडला. आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत पेशीला बारीक काचेच्या नळीने टोचत, एकेक जनुक बंद करत पाहिले गेले. ७२ संशयित जनुके होती आणि यादीतल्या अगदी शेवटच्या जनुकाने उत्तर दिले. पिझो हे त्याचे नाव. दाब पडला की उघडणारी ही पेशीच्या भिंतीतली खिडकी आहे. २०२१ चे नोबेल पटापूटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर विभागून मिळाले, आणि ज्युलियस यांचे काम होते मिरचीचा तिखटपणा मज्जातंतूला कसा कळतो यावर. खानोलकर-सिरसाटांनी उंदरांच्या टाळूला लावलेले कॅप्सेसिन आणि पेशीला कळणारा दाब, दोन्ही असे एकाच पुरस्कारात आले.

दाब आणि ताण हे शरीराचे शत्रू आहेत असा मात्र समज नको. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणले, त्या परंपरेतल्या कुठल्याही पैलवानाचे हाड जोर-बैठकांनीच घट्ट होते. हाडात गाडलेल्या पेशींना भार कळतो आणि त्या हाड भरून काढतात. भार काढून घेतला तर उलटे घडते. अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजते. पायाची भेग भरते, ऊस तोडताना कोयता लागलेले बोट जुळते, तेही पेशींच्या ओढण्यामुळेच. जखमेत विणकर पेशी रूप बदलते. तिच्या आत स्नायूंसारखे तंतू तयार होतात आणि ती जखमेच्या कडा ओढून जवळ आणते. १९७१ मध्ये जिनिव्हात गॅबियानी यांनी या रूपाचे वर्णन केले आणि तिला मायोफायब्रोब्लास्ट हे नाव पडले. जखम भरली की या ओढणाऱ्या पेशी बहुतेक मरून जातात. काम झाले, मजूर घरी गेले.

सुपारीच्या गालात मजूर घरी जात नाहीत. आणि खरी मेख इथे आहे. कोलॅजनच्या जाळ्यात टीजीएफ-बीटा नावाचा संदेशवाहक रेणू कुलूपबंद अवस्थेत साठवलेला असतो. तो सुटला की विणकर पेशींना आदेश मिळतो: आणखी विणा. २००७ मध्ये लोझान येथे बोरिस हिंझ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ओढणारी पेशी नुसत्या ओढण्याने हे कुलूप उघडू शकते. अट एकच, जाळे कडक हवे. जाळे मऊ असेल तर ओढल्यावर सगळेच हलते आणि कुलूप तसेच राहते. सैल दोरीची गाठ ओढून सुटत नाही, दुसरे टोक खुंटीला पक्के असावे लागते, तसेच. म्हणजे गाल थोडा कडक झाला की कुलपे उघडू लागतात, आदेश सुटतात, पेशी आणखी विणतात, गाल आणखी कडक होतो, आणखी कुलपे उघडतात. सुपारीने फक्त चाक ढकलायचे काम केले. पुढे चाक स्वतःच्या वजनाने उताराला लागते.

त्यातही पेशीला आठवण असते. २०१२ मध्ये हिंझ यांच्याच गटाने फुप्फुसातल्या विणकर पेशी काही आठवडे कडक पृष्ठभागावर वाढवल्या आणि नंतर मऊ पृष्ठभागावर हलवल्या. पेशी लगेच निवळल्या नाहीत. मऊ गादीवर आल्यानंतरही दोन आठवडे त्यांचे वागणे कडक जमिनीवरचेच राहिले. फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, जिथे जिथे तंतूंनी अवयव घट्ट होतो तिथे तिथे हे चक्र कमी-अधिक फरकाने दिसते. दारूने निबर झालेले यकृत आणि सुपारीने आखडलेला गाल हे चुलतभाऊ आहेत.

एवढ्यावर थांबले असते तरी माणूस जेवणाखाण्याला महाग झाला एवढेच म्हणता आले असते. पण धोका त्यापुढचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्यांपैकी ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला पहिल्या गटात टाकले, त्याच गटात तंबाखूही आहे. पण कडक झालेली जमीनही यात हातभार लावते असे दिसू लागले आहे. सर्जन छातीतली गाठ हाताने चाचपतात तेव्हा त्यांना लागतो तो बराचसा कोलॅजनचा कडकपणा. २००९ मध्ये व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवले की धागे जोडणाऱ्या त्याच लायसिल ऑक्सिडेजला अडवले तर स्तनातल्या गाठीची वाढ मंदावते. कडक जाळ्यावरच्या पेशीला वाढीचा संदेश सतत मिळत राहतो. बिघडलेल्या पेशीला असा संदेश मिळणे हे किती धोक्याचे, ते सांगायला नको.

मग टाके उसवणारे औषध का नाही? प्रयत्न झाला. या कुळातल्या एका एन्झाइमला अडवणारे औषध फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये वापरून पाहिले गेले, मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. बहुधा एकदा घातलेले टाके एन्झाइम अडवून निघत नाहीत. सांगलीच्या हळदीबद्दलही लोक हमखास विचारतात. हळदीतल्या करक्युमिनने आग कमी होते, तोंड थोडे जास्त उघडते, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ते साहाय्यक म्हणून घ्यायला हरकत नाही. पण सकाळी हळदीचे दूध आणि दुपारी मावा, असा हिशेब जुळत नाही.

माव्याचा उल्लेख आला म्हणून. २०१२ च्या जुलैत राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. पण कतरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोळून दिलेला मावा गावोगावच्या टपरीवर डोळ्यांदेखत मिळतो. गळीत हंगामात रात्रभर ऊस वाहणारे ट्रॅक्टरचालक झोप येऊ नये म्हणून तो गालात ठेवतात. लग्नाच्या पंगतीत गोड सुपारीची पुडी लहान मुलांच्या हातात देताना कुणालाच काही वाटत नाही, हे तर त्याहून वाईट. आरग, बेडगच्या पानमळ्यांवर मात्र राग काढण्याचे कारण नाही. नागवेलीचे पान गाल आखडवत नाही, त्यात गुंडाळलेली सुपारी आखडवते. पान खाणाऱ्यांपेक्षा कोरडा गुटखा-मसाला खाणाऱ्यांत आजार लवकर येतो असेही आढळले आहे.

उपचाराचा क्रम त्या चाकाच्या गतीवरून ठरतो. चाक उताराला लागायच्या आत, म्हणजे नुसते तिखट झोंबते आहे आणि तीन बोटे अजून बसतात तेव्हा सुपारी सुटली, तर पुष्कळ काही वाचते. पट्टे आल्यावर स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेज यांची इंजेक्शने थेट पट्ट्यात देतात, सूज आणि चिकटलेपणा कमी करायला. एकच बोट बसत असेल तर शस्त्रक्रिया करून पट्टे कापतात आणि त्या जागी गालातल्याच चरबीचा तुकडा बसवतात. पण कापलेली जागा ही जखमच. तिथे पुन्हा त्याच ओढणाऱ्या पेशी येतात, आणि तोंडाचा व्यायाम झाला नाही तर काही महिन्यांत कापलेला गाल पुन्हा आखडतो. त्यामुळे औषध असो वा शस्त्रक्रिया, व्यायाम सुटत नाही. रुग्णांना तो बिनपैशाचा असल्यामुळे बिनकामाचा वाटतो. खरे तर तोच या आजारातला अस्सल यांत्रिक उपाय आहे.

तो करायचा कसा, हे दंतविभागात दाखवतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांसारख्या चपट्या काड्यांची गड्डी समोरच्या दातांमध्ये मावेल तेवढी ठेवायची, काही मिनिटे तशीच धरायची, दिवसातून चार-पाच वेळा. हिसका द्यायचा नाही. एकदम ताणले तर बारीक जखमा होतात, आणि जखम म्हणजे विणकर पेशींना पुन्हा आमंत्रण. काही दिवसांनी ताण सैल वाटला की मधे एक काडी सरकवायची. काडीची जाडी दीड-दोन मिलिमीटर असते, त्यामुळे रुग्णाला टेप लागत नाही, काड्या मोजल्या तरी पुरते. सुपारी-तंबाखूची तलफ आवरत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनीवर मोफत सल्ला मिळतो. काड्यांचे काम महिनोन्‌महिने चालते, कंटाळवाणे असते, आणि मधेच सोडले तर मिळवलेली काडी परत जाते. सात-आठ काड्या वाढल्या की साधारण एका बोटाची जागा होते. तेवढ्यात भाकरीचा घास चतकोर दुमडून, आमटीत बुडवून तोंडात घालता येतो.